शिळं कुणाच्या ताटात?

बदलापूरच्या खरवईत रात्री साडेदहाला कुठल्याही घरात डोकवा. ओट्यावर दोन पातेली झाकून ठेवलेली असतात, एकात भात, एकात आमटी. घरातलं एक माणूस अजून गाडीत असतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते बदलापूर ६८ किलोमीटर, त्यात गाडी रखडली की विचारायला नको. भात सातला झाला, पोरं आठला जेवली, पातेलं तेव्हापासून तिथंच. झाकण उचला, आतून पाण्याचे थेंब धरलेले दिसतील. ते परत भातातच ठिबकतात. उशिरा आलेला माणूस जेवतो आणि उरलेला भात ‘सकाळी लागणारच आहे’ म्हणून ओट्यावरच मुक्काम करतो. पहाटे पाचला त्याला फोडणी बसते, तो वाफाळता डब्यात भरून घट्ट झाकला जातो आणि डबा उघडतो दुपारी एकला. आदल्या संध्याकाळच्या सातपासून मोजा. अठरा तास.

शिळ्या अन्नाशी माझं भांडण नाही. शीतला सप्तमीला आपल्याकडे चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचंच खातात. ज्वारीची भाकरी, सुकी चटणी दुसऱ्या दिवशी छान लागते आणि टिकतेही, कारण त्यात ओल कमी असते. भांडण आहे ते शिजवलेला ओला भात कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहण्याशी.

त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘परत गरम केलं की झालं!’ नाही होत. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. कोमट ओल मिळाली की त्यांना पालवी फुटते, जिवाणू वाढतात आणि त्यांतले काही विष सोडतात. पोटात गेल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही उलट्या सुरू होतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास तापवलं तरी टिकतं. प्रेशर कुकरच्या आतलं तापमानही साधारण एवढंच असतं. कढईतली दोन मिनिटांची फोडणी तिथं काय करणार? जिवाणू मरतील, विष तसंच राहील. नाकावरही विसंबू नका. आंबूस वास आला, तार सुटली तर अन्न टाकायचंच. पण वास आला नाही म्हणजे ते चांगलं आहे, असं मात्र नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं जाहीर केली. त्यात स्पष्ट म्हटलंय की शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. ५ ते ६० अंशांमधलं तापमान जिवाणूंना मानवतं. अमेरिकेत तर ३२ अंशांवरच्या उकाड्यात ही मुदत एका तासावर आणतात. बदलापूरचा मार्च-एप्रिल आठवा आणि स्वयंपाकघर पश्चिमेला असेल तर संध्याकाळचा ओटा आठवा. ब्रिटनमध्ये भातासाठी वेगळी सूचना आहे: तासाभरात थंड करून फ्रीजमध्ये, आणि २४ तासांत संपवायचा.

‘गरम ठेवलं तर फ्रीज बिघडतो’ या भीतीने निम्मी घरं पातेलं पार गार होईस्तोवर थांबतात. एवढं थांबायची गरज नाही. परातीत पाणी घ्या आणि त्यात पातेलं ठेवा. आपल्या आज्या दूध असंच निववत. भात पसरट डब्यात काढा, पंख्याखाली ठेवा, वाफ जिरली की आत. भरलेलं मोठं पातेलं मात्र तसंच्या तसं फ्रीजमध्ये ढकलू नका. घट्ट आमटी किंवा मटणाचा रस्सा कडेने गार लागतो आणि मधोमध कित्येक तास कोमटच राहतो. छोट्या डब्यांत विभागा. फ्रीज खच्चून भरू नका, आत हवा खेळू द्या. कच्ची मासळी, चिकन खालच्या कप्प्यात, शिजवलेलं वर. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास तग धरतो, त्यानंतर आमटी-भातावर माया करू नका. उल्हास नदी चढली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. पुराचं पाणी लागलेलं शिजवलेलं अन्न चार तासांचाही विचार न करता टाकायचं.

आता खरा मुद्दा. ‘अन्न वाया घालवू नये’ असं घरात सगळेच म्हणतात, पण ते उरलेलं खातं कोण? बहुतेक घरांत बाई. ताजी पोळी नवऱ्याला, ताजा भात पोरांना, कालचं ती स्वतः ‘मला चालतं’ म्हणत संपवते. गरोदर सूनही तेच खाते, सत्तरीची सासूही, आणि नेमक्या याच बायकांना बिघडलेलं अन्न जास्त बाधतं. अन्न वाचवायचं पुण्य सगळ्या घराचं आणि पोटदुखी तिची, ही वाटणी मला मान्य नाही. ज्याला वाया जायचं दुःख आहे, त्याने आपल्या ताटात वाढून घ्यावं. त्याहून बरं म्हणजे मोजून रांधावं. घरी कोण किती वाजता जेवणार हे दुपारीच फोन करून सांगता येतं.

उशिरा येणाऱ्याचा वाटा आठलाच वेगळा काढून फ्रीजमध्ये ठेवा. आल्यावर त्याने तो स्वतः काढावा, पुरेल तेवढाच घ्यावा, चांगल्या वाफा येईपर्यंत गरम करावा. एकदा गरम केलेलं पुन्हा ठेवू नये. रात्रीच्या भाताला पहाटे फोडणी दिलीत तर तो पहाटेच खाऊन निघा, दुपारच्या डब्यात पोळी आणि सुकी भाजी न्या. आणि डबा फ्रीजमधून काढून गॅसवर ठेवायला बायकोने अकरापर्यंत जागं राहायचं काही कारण नाही.