पाण्याचा दिवस वगळून

मे महिन्यात मराठवाड्यात धबधबा बघायला जायचं, ही कल्पना ज्यांना सुचली ते गृहस्थ निवृत्त आहेत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. ते आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. पोरांना सुट्ट्या मेमध्ये, लेकी-जावई माहेरी येतात मेमध्ये, तेव्हा धबधब्यानंही मेमध्येच पडावं, असं त्यांचं सरळ म्हणणं. ठिकाण ठरलं वेरूळ. एकोणतिसाव्या लेण्याच्या अंगाला येळगंगा कड्यावरून खाली येते, ती सीतेची नहाणी. व्हॉट्सॲपवर फोटोही आला. तो ऑगस्टमधला होता, पण फोटोला महिना कोण विचारतो?

ठिकाणावर चहा संपायच्या आत एकमत झालं. गाडी अडली ती तारखेवर. रविवार म्हटलं तर सिडकोवाले म्हणाले, रविवारी आमचं पाणी. सोमवारी गारखेड्याचं. मंगळवारी खुद्द वेरूळ बंद. बुधवारी उल्कानगरीतल्या वहिनींकडे येणार होतं, पण मागच्या खेपेचं पाणी दोन दिवस पुढं गेल्यामुळे त्यांचा बुधवार आता शुक्रवारी होता. बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा : आमच्या छत्रपती संभाजीनगरात कॅलेंडरवर वार सात असले तरी जगण्याचा वार एकच, पाण्याचा. मुलगी बघायचा कार्यक्रम, बारसं, दाताचं ऑपरेशन, सगळं त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवतात. सातारा परिसरातल्या काकांना आम्ही तारीख विचारलीच नाही. त्यांच्याकडे टँकर येतो आणि टँकरला वार नसतो, नंबर असतो.

शेवटी एक गुरुवार सापडला. त्या दिवशी कुणाकडेच पाणी येणार नव्हतं. असा दिवस सापडणं आमच्याकडे अवघड नाही, पण तो सहलीला सत्कारणी लागावा हे विशेष.

जमायचं ठिकाण क्रांती चौक. 1857 मध्ये बंड केलेल्या सैनिकांना ज्या भागात मृत्युदंड दिला, तो काला चबुतरा इथलाच. तेव्हापासून शहरात कुणालाही काहीही मागायचं असलं की तो आधी या चौकात येऊन उभा राहतो. त्यामुळे भल्या सकाळी डोक्यावर टोप्या, गळ्यात उपरणी आणि हातात पाण्याच्या बाटल्या घेतलेली वीस-पंचवीस माणसं शिवरायांच्या पुतळ्यासमोर दिसताच बंदोबस्तावरचा तरुण हवालदार लगबगीनं आला.

"काका, मोर्चा कुणाचा?"

"मोर्चा नाही हो. पाणी बघायला चाललोय."

"म्हणजे पाण्याचाच की. हंडे कुठंयत?"

अध्यक्षांनी धबधब्याचं समजावून सांगितलं. हवालदारानं एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा अध्यक्षांकडं, आणि म्हणाला, "बरं, घोषणा तेवढ्या देऊ नका." बस सुटताना मागच्या सीटवरून सवयीनं कुणीतरी "पाणी आमच्या हक्काचं" ओरडलंच, आणि पुढचं अर्धं सगळ्या बसनं पूर्ण केलं.

छावणी, शरणापूर, दौलताबाद. किल्ल्याच्या तटातल्या जुन्या दरवाज्यातून गाड्या एकेक करून निघेपर्यंत बरोबर आणलेलं पाणी निम्मं संपलं. घाटाखाली रसवंतीवर थांबलो, तिथं बर्फ होता, ऊस होता, ग्लास विसळायला पाणी नव्हतं.

आता धबधब्याबद्दल. तो जागेवर होता. कडा, खाली कुंड, कठडा, सूचनाफलक, सगळं. फक्त पाणी नव्हतं. काळ्या कातळावर जिथून धार यायची तिथं वाळलेल्या शेवाळाचा पट्टा, आणि कुंडाच्या तळाशी चिप्सची पाकिटं. एक वानर कठड्यावर बसलं होतं. आमच्यातल्या एका ताईंनी बाटली खाली ठेवली, तशी त्यानं ती उचलली, झाकण दातांनी फिरवून काढलं, दोन घोट प्यायलं आणि उरलेलं पाणी कड्यावरून खाली ओतलं. त्या दिवशी सीतेच्या नहाणीत पडलेलं पाणी ते एवढंच. आमच्यापैकी तिघांनी त्याचा व्हिडिओ काढला.

मंडळात पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले एक साहेब आहेत. त्यांना स्फुरण चढलं. म्हणाले, सह्याद्रीचा हा सगळा डोंगर लाव्हाच्या थरांचा. कठीण थर टिकतो, त्याखालचा मऊ झिजतो, वरचा तुटून पडतो आणि कडा तयार होतो. म्हणजे पाणी पडायला जागा बारा महिने असते, पाणी चार महिने. इथं राहणाऱ्यांना हे कळलेलं होतं, म्हणून त्यांनी लेण्यांतच खडकात टाकी कोरून पावसाचं पाणी धरून ठेवलं. आम्ही आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या आठवून मान डोलावली.

"आणि नायगारा?" कुणीतरी विचारलं. कुणीतरी म्हणजे ज्यांचा मुलगा टोरांटोला आहे ते. साहेब म्हणाले, त्यालाही वेळापत्रक आहे. अमेरिका आणि कॅनडा यांनी 1950 मध्ये करार केला : पर्यटनाच्या हंगामात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी सोडायचं, रात्री त्याच्या निम्मं, बाकीचं वीज करायला वळवायचं. हे ऐकून मंडळाला फार बरं वाटलं. नायगाराचंही रोटेशन आहे तर! फक्त त्यांचं रोज असतं, आणि ठरल्या वेळी.

खरं तर मेमधला धबधबा बघायला वेरूळपर्यंत जायचं कारणच नव्हतं, हा साहेबांचा पुढचा मुद्दा. आपलं शहर जायकवाडी धरणापेक्षा शंभरेक मीटर उंचावर. पाणी पैठणहून पंपानं चढवत आणायचं, म्हणजे नळात दाब प्रचंड. वीज गेली, पंप बंद पडले, पुन्हा सुरू झाले, की जुनी जलवाहिनी कुठंतरी फुटते आणि पैठण रस्त्यावर दुमजली घराएवढं कारंजं उडतं. लोक गाड्या थांबवून सेल्फी घेतात, दोघे-चौघे गाडी धुऊन घेतात. महाराष्ट्राची पर्यटन राजधानी म्हणवणाऱ्या शहरानं हे स्थळ अजून नकाशावर कसं घेतलं नाही, देव जाणे. शहराच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं तेव्हा ती 1680 कोटींची होती, पुढं 2740 कोटींवर गेली. पाण्याला चढायला पंप लागतो. आकड्याला काही लागत नाही.

हे चालू असतानाच सिडकोवाल्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, "पाणी आलंय." रविवारचं पाणी गुरुवारीच सोडलं होतं! शेजाऱ्यांनी मोटर लावलीसुद्धा होती. पुढच्या पाच मिनिटांत आणखी चौघांना फोन आले. कैलास लेणं बघायचं राहिलं, डबे उघडायचे राहिले, अध्यक्षांचं आभारप्रदर्शन राहिलं. गुडघेदुखीमुळे येताना खुर्ची मागणाऱ्या काकू परतीच्या बसमध्ये सगळ्यांच्या आधी चढलेल्या होत्या.

तेव्हा वाचकहो, धबधबा बघायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात जा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. बाकी कोणत्याही दिवशी निघा, पण घराची किल्ली आणि मोटरचं बटण शेजाऱ्यांना दाखवून निघा.