कोकणात गुपचूप फौज कशी उतरवावी

आधी वाट निवडावी. बोरघाटाची वाट सरळ आहे. ती उतरली की खोपोली, खालापूर, चौक करत पनवेल गाठता येते. पण सरळ वाटेवर कोणाचीही नजर पडते, आणि चौकच्या माथ्यावर इर्शाळगड आहेच. तेव्हा कारतलब खानाने घेतली तशी आडवाट धरावी. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला होता आणि उत्तर कोकण जिंकण्याचे काम त्याने या उझबेक सरदारावर सोपवले होते. (पुण्यात बसलेल्याला कोकण नेहमीच जवळ वाटते.) खान लोणावळ्याजवळून, नागफणीच्या अंगाने कुरवंडे घाट उतरला.

मोहीम गुप्त असली, तरी हजारोंची फौज, तंबू आणि खजिना बरोबर घ्यावा. खजिना लढाईत उपयोगी पडत नाही. त्याची गरज नंतर लागते. अशा लवाजम्याची बातमी शिवाजी महाराजांच्या हेरांना कळणार नाही, असे मनाशी पक्के धरून चालावे.

घाट उतरला की उंबरखिंड लागते. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे रान, आणि माणसामागे माणूस चालावे एवढीच वाट. येथे थांबून वर पाहू नये; पाहिल्यास पुढचा भाग घडत नाही. अख्खी फौज आत शिरेपर्यंत मावळे शिंकतही नाहीत. मग पुढचे तोंड बंद होते, मागचेही होते, आणि वरून बाण व दगड येऊ लागतात. हा प्रसंग २ फेब्रुवारी १६६१ चा. परमानंदाच्या ‘शिवभारता’त तो सविस्तर आला आहे. आज चावणी गावाजवळ त्याचे स्मारक आहे.

फौजेत एखादे शहाणे माणूस जरूर असावे, मात्र त्याचा सल्ला सर्वांत शेवटी विचारावा. खानाबरोबर माहूरची रायबागन होती. लढाई हाताबाहेर गेल्यावर खानाने तिला विचारले. तिने आधी रानात शिरण्याच्या शहाणपणाबद्दल त्याला चार शब्द सुनावले आणि मग शरण जायला सांगितले.

शरण जाण्याची रीत सोपी आहे. वकील पाठवून अभय मागावे, खंडणी भरावी, सामानसुमान जागीच ठेवावे. खजिना बरोबर आणायचा तो यासाठी. परतीच्या चढणीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ओझे सगळे खालीच राहिलेले असते.