आठवण : खोलना और जोडना

ठिकाण : मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, बेळगाव. काळ : डिसेंबर १९७१, म्हणजे ३ तारखेला लढाईला तोंड फुटल्यापासून पुढे. श्रोते : लग्नाला वर्षही न झालेले रंगरूट. बिनलग्नाच्यांनी पाठ फिरवून बसावं. कानात बोटं घालायची गरज नाही, घातली तरी ते ऐकणारच.

फौजेत कुठलाही सबक उद्देश सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. रायफल असो, नकाशा असो नाहीतर संडास खणायचा असो, उस्ताद आधी उद्देश सांगतो, मग सामान मोजतो. तर या सबकाचा उद्देश बायकोची आठवण बंद करणं हा नाही. ते कुणालाच जमलेलं नाही, खुद्द उस्तादलाही नाही. त्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून काय चिकटवलंय ते सगळ्या बराकीला ठाऊक आहे. उद्देश एवढाच, की आठवण यावी, पण ‘दाहिने मुड’च्या वेळी येऊ नये.

सामान : एक अंतर्देशीय पत्र, एक बॉलपेन, ब्रासोची डबी, आणि पत्र लिहून देणारा दोस्त. (तुम्हाला स्वतःला लिहिता येत असलं तरी दोस्त लागतोच. त्याची गरज पुढे कळेल.)

प्रथम वेळेचं बघू. लाइट इन्फंट्रीची चाल मिनिटाला १४० पावलांची. दोन पावलांच्या मध्ये बायको मावणार नाही, अशा हिशेबानेच ही चाल ठरवली असावी, असं मैदानावरच्या पोरांचं मत आहे. तरी ती मावते. मग पलटण उजवीकडे आणि एकटा रंगरूट डावीकडे, असा देखावा होतो. उस्ताद विचारतो, ‘‘किधर देख रहा है?’’ याचं खरं उत्तर ‘चंदगडकडे’ असं असतं. ते देऊ नये. आठवणीसाठी सुरक्षित वेळ म्हणजे पट्ट्याचं बक्कल घासण्याची. मान खाली, हात चालू, चेहरा गंभीर. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय शिस्तीचा जवान आहे! बराकीत ज्याचं बक्कल सगळ्यात जास्त चमकतं, त्याचं लग्न सगळ्यात अलीकडचं, हा नियम फारसा चुकत नाही.

अंतराविषयी एक इशारा. साताऱ्याकडचा रंगरूट एका अर्थाने सुखी, त्याचं घर आवाक्याबाहेर आहे. खरा धोका चंदगड तालुक्यातल्याला. बेळगावाहून चंदगड चाळीसेक किलोमीटर. बाजाराला, दवाखान्याला, तांब्याच्या घागरी आणायला तो लहानपणापासून बेळगावलाच येत आला. आता त्याच बेळगावात तो भिंतीच्या आत आहे आणि गावाची एसटी बाहेरून जाते. घरच्यांच्या लेखी मात्र तो लढाईवर गेलाय. रेडिओवर जेसोर म्हटलं की आई देवापुढे बसते, छांब म्हटलं तरी बसते. पोरगा त्या वेळी लंगरसमोर मग-प्लेट घेऊन रांगेत उभा असतो. एसटी बघून कुणाच्या मनात भलतं काही आलंच, तर आर्मी अ‍ॅक्ट १९५०चं कलम ३८ आठवावं. युद्धसेवेवर असताना किंवा तसा हुकूम झालेला असताना पळालेल्याला मरणाच्या शिक्षेपर्यंत तरतूद आहे. एसटीचं तिकीट त्यामानाने स्वस्त, पण येण्याजाण्याचा एकूण खर्च परवडत नाही.

आता पत्र. इथे सबकाचा निम्मा वेळ जाणार आहे.

कार्ड स्वस्त पडतं, म्हणून घ्यायचा मोह होईल. घेऊ नये. कार्ड म्हणजे चावडीवरची दवंडी. अंतर्देशीय घ्यावं आणि १५ नोव्हेंबरपासून निर्वासितांच्या मदतीसाठी जे पाच पैशांचं जादा तिकीट लागतं, तेही न कुरकुरता लावावं. पण अंतर्देशीय बंद असतं म्हणून ते खाजगी असतं, असं समजणारा रंगरूट अजून कच्चा आहे. पत्रावर नाव आबांचं. आबांना अक्षर दिसत नाही, म्हणून ते वाचणार सातवीतला पुतण्या. तो शाळेत धडा वाचतो तसा खड्या आवाजात वाचणार, अंगणात. आई जात्याजवळ, शेजारची काकू कुंपणाला टेकून, पोस्टमन चहाची वाट बघत. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती आत चुलीपुढे, फुंकणी खाली ठेवून.

तेव्हा ‘तुझी फार आठवण येते’ हे वाक्य लिहू नये. एकाने लिहिलं होतं. पुतण्याने ते दोनदा वाचलं, पहिल्यांदा अडखळला म्हणून. आबा खाकरले आणि म्हशीला वैरण घालायला उठून गेले. महिनाभर त्या घरातून पत्राला उत्तर नाही.

मायना नेहमीचा : तीर्थरूप आबांचे चरणी साष्टांग दंडवत, पत्रास कारण की. इकडील सर्व क्षेम. मग पाऊसपाणी, मग भात. त्यानंतर म्हैस. बायकोविषयी जे काही विचारायचं असेल ते म्हशीच्या नावावर विचारावं. ‘पहाटेच्या थंडीत म्हशीला ओढ्यावर धाडू नये’, ‘म्हशीच्या खाण्याकडे लक्ष असावे’, ‘म्हशीला माहेरच्या गोठ्यात जास्त दिवस ठेवू नये’. आबा समजतात. आईला तर पहिल्या ओळीतच कळतं, आणि आपल्याविषयी एवढी चौकशी कधी झाली होती, हेही ती मनात धरते. म्हणून तिच्या गुडघ्यांविषयी दोन ओळी आधी लिहाव्यात. लिहिण्यापूर्वी म्हैस घरात आहे की विकली, याची खात्री करावी. दोस्ताकडून लिहवून घ्यायचं ते यासाठीच, की तुम्ही स्वतः लिहायला बसलात तर तिसऱ्या वाक्यात म्हैस विसराल.

शेवटची जागा घडीच्या पट्टीवर, डिंकाच्या आतल्या बाजूला. तिथे बोटभर रिकामं असतं. पुतण्याची नजर तिथे जात नाही, कारण तोवर त्याला खेळायला जायचं असतं. पत्र वाचून झालं की ते आत, देवळीत ठेवायला, तिच्याच हाती येतं. काय लिहावं हे सांगणं सबकात बसत नाही.

उत्तर उशिरा आलं म्हणून फणकाऱ्याने लिहू नये. आपल्याच जंगी पलटणीचं, म्हणजे रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचं, उदाहरण घ्या. जमालपूरला वेढा पडल्यावर तिथल्या पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याबद्दल पत्र धाडलं गेलं. त्याने उत्तराबरोबर बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. सासरी पत्र लिहिणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

विविध भारतीवरच्या ‘जयमाला’त फर्माईश पाठवायची असेल तर खुशाल पाठवा. पण गावात रेडिओ एकच, तोही सरपंचाच्या ओसरीवर, आणि तिला त्या वेळी भाकऱ्या थापायच्या असतात.

शक-सवाल. ‘‘कोई शक?’’ याला ‘‘नहीं, उस्ताद!’’ हे उत्तर ठरलेलं. तरी मागच्या रांगेतून चंदगडच्या रंगरुटाचा हात वर आला. त्याला पुतण्याच्या हातचं पत्र आलं होतं. सगळं क्षेम, भात मळून झालं. आणि खाली आईने सांगून लिहवलेलं, की परसातली चिंच यंदा बाजारला न्यायची नाही, घरातच उठते आहे, तीसुद्धा हिरवीच.

‘‘उस्ताद, चिंचेला पुढं दर चांगला येतोय. विका म्हणून लिहू काय?’’

उस्ताद दोन पोरांचा बाप. त्याने आधी विचारलं, ‘‘भरती होऊन किती महिने झाले रे?’’ मग मनाशी हिशेब करून, अकलेच्या नावाने, मैदानाला दोन चकरा मारायची शिक्षा दिली.

पहिली चक्कर रंगरुटाने कपाळाला आठ्या घालून मारली. दुसरीत कुठेतरी त्याला उमजलं. त्याने चार मारल्या.