बटाट्याला हवी गादी

वसई तालुक्यातल्या आचोळ्यात बटाटा पिकवण्याचा विचार ज्याच्या डोक्यात येतो, त्याला घरचे पहिला प्रश्न विचारतात, "का, वाण्याकडचे संपले?" शास्त्रात या प्रश्नाला उत्तर नाही. नवशिक्याने ऐकू न आल्यासारखे करावे आणि विटा मोजायला घ्याव्यात.

जमिनीपासून फूटभर उंच बांधलेल्या वाफ्याला शेतीच्या भाषेत गादीवाफा म्हणतात. ज्या वस्तीत वन रूम किचनमधल्या पाहुण्याची गादी कुठे अंथरायची यावर रात्री अकराला बैठक भरते, तिथे बटाट्याला स्वतःची चार बाय तीनची गादी मिळणार, ही गोष्ट घरात जपूनच सांगावी. नवशिक्याची नजर आधी गच्चीकडे जाते. तिथे हिशेब आडवा येतो. चार फूट लांब, तीन रुंद आणि एक उंच म्हणजे बारा घनफूट माती; ओली झाली की तिचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास भरते. हा आकडा सेक्रेटरीच्या आधी वरच्या मजल्यावरचा, गळक्या स्लॅबखाली राहणारा शेजारी काढतो. तेव्हा गच्ची सोडावी. इमारतीमागे कंपाउंडच्या भिंतीलगत, दिवसाचे सहा तास ऊन येते आणि कोणाची ॲक्टिव्हा लागत नाही, अशी जागा शोधावी. अशी जागा नसते. मग ॲक्टिव्हावाल्याला पहिल्या पिकातले दोन किलो कबूल करून गाडी हातभर सरकवून घ्यावी.

गादी पुरापासून वाचायला नसते, हे आचोळेकराला मुद्दाम सांगावे लागते. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी पाहण्याची त्याला सवय असते. बटाटा इथे पावसाळ्यात लावायचाच नाही. उंची हवी ती खालच्या जमिनीमुळे. इमारतीभोवतीची जमीन बहुधा भरणीची: वर चार बोटे माती, खाली डबर, टाइलचे तुकडे, कधी एखाद्या नळाची तोटी. बटाट्याला भुसभुशीत आणि पाणी निचरणारी माती लागते. नर्सरीतली लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडे कोकोपीट मिसळून ती करावी. शेणखत कच्चे असेल तर पहिल्या दोन दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर कळते.

आता हंगाम. खरी गोम इथे आहे. बटाटा म्हणजे मूळ नव्हे, जमिनीखालच्या फांदीचे फुगलेले टोक. ते फुगते रात्रीच्या गारव्यावर. रात्रीचा पारा साधारण २० अंशांखाली असला तर झाड पिठाची साठवण करते, नाहीतर नुसता पाला माजतो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचे शेतकरी पावसाळ्यातही बटाटा घेतात, पण ती हवा इथे आणता येत नाही. आचोळ्यात अशा भरवशाच्या रात्री डिसेंबर-जानेवारीच्या. म्हणून छठपूजेचे ऊस बाजारातून हलले की लागवड करावी. स्वेटर कपाटातून निघेपर्यंत थांबलेल्याला फेब्रुवारीत हिरवीगार, देखणी आणि निरुपयोगी झुडपे मिळतात.

बियाणे म्हणून स्वयंपाकघरातल्या टोपलीत कोंब फुटलेला बटाटा उचलू नये, असे जाणकार सांगतात आणि सगळे तोच उचलतात. खरे बियाणे मिळाले तर जातींच्या नावांत 'कुफरी' दिसेल. हे शिमल्याजवळचे गाव. 'कुफरी लवकर' ही जात तर नावानेच मराठी आहे. ती महाराष्ट्राच्या पठारासाठी काढलेली आणि नावाप्रमाणे लवकर तयार होणारी. 'कुफरी सूर्या' उष्णता जास्त सोसते, म्हणजे वसईच्या स्वभावाला जवळची. फोड अंड्याएवढी असावी, तिला दोन-तीन डोळे असावेत. कापल्यावर दोन दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्यावा. डोळा वर ठेवून फोडी चार बोटे खोल लावाव्यात; दोन ओळींत दोन फूट आणि दोन फोडींत वीत-सव्वा वीत अंतर ठेवावे. या गादीवर दहा फोडी बसतात. अकरावी बसवण्याचा मोह आवरावा.

तसे पाहता वसईला बटाटा परका नसावा. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीजांचा, आणि पोर्तुगीज इथे १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत होते. दोनशे वर्षे राहूनही वसईच्या वाड्यांनी नाव कमावले ते केळी आणि नागवेलीच्या पानांवर. वाडीवाल्यांना काहीतरी कळत होते.

रोप वीतभर झाले की बुडाशी मातीची भर लावावी, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. उघडा पडलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो, त्यात सोलॅनिन साठते आणि तो खाण्याच्या लायकीचा राहत नाही. उघड्या बटाट्यावर पाकोळीही अंडी घालते; हा पाहुणा १९०६ च्या सुमारास इटलीहून मागवलेल्या बियाण्यातून मुंबई इलाख्यात उतरला आणि परत गेला नाही. पाल्याची भाजी होते का, असे विचारणारी काकू प्रत्येक इमारतीत असते. होत नाही. पाला विषारी आहे, आणि फुलांनंतर धरणारी टोमॅटोसारखी हिरवी फळेही.

यापुढचे काम सर्वांत अवघड: खणून न पाहणे. कोथिंबीर दिसते, मिरची दिसते; बटाटा नव्वदेक दिवस काही कळू देत नाही. पाला पिवळा पडला की पाणी तोडावे आणि आठवडाभर थांबून हातानेच उकरावे, फावड्याने नाही.

खणण्याच्या बाबतीत या परिसराने अपेक्षा फार वाढवून ठेवल्या आहेत. १८८२ मध्ये नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला, सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, स्फटिकाची आणि शेवटी सोन्याची डबी निघाली. आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. आचोळ्याच्या गादीत एकात एक काही निघत नाही. हात घालावा तर एक भलामोठा, पाच-सहा बरे, बाकीचे गोट्यांएवढे, आणि तळाशी मूळ फोडीचे रिकामे, मऊ पडलेले साल. सगळे धुऊन वाण्याच्या काट्यावर ठेवावेत. दहा झाडांचे चार किलो भरले तर हंगाम चांगला.

त्यातले दोन ॲक्टिव्हावाल्याचे.