स्लॉटवाले भाऊकाका

मंगळवार म्हटला की लोकांना गणपती आठवतो. भाऊकाकांना आठवतं, ‘वेरूळ बंद, पॅरिसचं लूव्रही बंद.’ सोमवारी अजिंठा नाही, शुक्रवारी ताजमहाल नाही. इतरांच्या घरी संकष्टी-एकादशी तोंडपाठ असतात, तशा यांना जगभरच्या साप्ताहिक सुट्ट्या.

काकांची उमेदवारी झाली ती गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांवर. पहाटे खिडकीसमोर नंबर लावायचा, फॉर्म आदल्या रात्रीच भरलेला, पेनं दोन. रेल्वेने नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली, तेव्हा काका दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. “साठ दिवस म्हणजे काय आगाऊ? हे तर ऐन वेळेस धावाधाव करणं झालं!”

मग मुलगा जर्मनीला गेला आणि काकांना युरोप सापडला. तिथे बुकिंगशिवाय पान हलत नाही हे कळल्यावर आपण चुकून भलत्याच खंडात जन्मलो अशी त्यांची खात्री पटली. ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँकचं घर आहे. त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन. दर मंगळवारी सकाळी दहाला सुटतात, तीही सहा आठवड्यांनंतरची. तिथले उन्हाळ्यातले दहा म्हणजे आपले दुपारचे दीड. ज्या वेळेला काका सख्ख्या मेव्हण्याचा फोन उचलत नाहीत, नेमकी ती वेळ! पण त्या मंगळवारी बाराला जेवण उरकलं, घरातले बाकीचे मोबाइल बंद करायला लावले आणि काकूंना मिक्सर लावायची बंदी झाली.

“अहो, मिक्सरचा वायफायशी काय संबंध?”

“रिस्क नको.”

स्क्रीनवर रांग लागली. तुमच्यापुढे इतके-इतके जण आहेत, असा आकडा दिसू लागला. काका खुर्चीत ताठ बसून त्याच्याकडे टक लावून बघत होते. मध्येच कुणी घुसलं तर?

तिकीट मिळालं की त्याचे तीन प्रिंटआउट निघतात. एक स्वतःच्या फोल्डरमध्ये, एक काकूंच्या पर्समध्ये, एक बॅगेच्या तळाशी. “बाबा, मोबाइलवर कोड दाखवला की झालं,” असं मुलगा सांगतो. काकांचं उत्तर ठरलेलं असतं: “मोबाइलची बॅटरी उतरते, कागदाची उतरत नाही.”

माझ्या मते काकांची सहल तिकीट हातात पडलं की तिथेच संपते. पुढे प्रत्यक्ष जाणं म्हणजे नुसती पडताळणी. तिथे गेल्यावर त्यांना खरा आनंद देते ती तिकीट न काढलेल्यांची रांग. आयफेल टॉवरखाली त्या रांगेशेजारून ते मुद्दाम संथ चालले, फोल्डर छातीशी धरून, चेहऱ्यावर करुणा. पुढे बॅगतपासणीची रांग मात्र सगळ्यांना सारखीच निघाली. तो अपमान ते अजून विसरलेले नाहीत.

पण हसणाऱ्यांनी जरा जपून हसावं. “बघू तिथे जाऊन” म्हणणारे त्यांचे साडू मिलानला गेले आणि ‘लास्ट सपर’ ज्या मठात आहे त्याच्या शेजारच्या चर्चसमोर सेल्फी काढून परतले. तिथे दारात उभं राहून कुणी आत सोडत नाही. लिओनार्दोने हे चित्र ओल्या गिलाव्यावर न काढता कोरड्या भिंतीवर काढलं. त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटायला लागले होते. आता धूळ आणि दमटपणा आत येऊ नये म्हणून थोड्या-थोड्या लोकांना, एकामागून एक बंद होणाऱ्या दारांतून सोडतात. पंधरा मिनिटं. घंटा नाही, गाभारा नाही, तरी शिस्त पंढरपूरच्या वरची.

काकांनी तो स्लॉट कित्येक महिने आधी धरला होता. आत काय झालं ते मला काकूंनी सांगितलं. पहिली काही मिनिटं काकांनी आपल्या गटात कुणी जादा माणूस तर शिरला नाही ना, हे बघण्यात घालवली. नंतर मनगटावरचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ जुळतं का ते बघावं म्हणून भिंतीवर घड्याळ शोधलं. ते नव्हतं. मग पुढच्या ट्रामची वेळ. काकू मात्र चित्रासमोर उभ्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं,

“अहो, बाकीच्यांचे पाय टेबलाखाली दिसतात, मग मधल्या येशूचेच कसे नाहीत?”

काकांनी पाय पाहिलेच नव्हते. तिथल्या गाइडने सांगितलं की १६५२ मध्ये मठवाल्यांना त्या भिंतीत दार हवं होतं. ते पाडताना चित्राचा तेवढा भाग गेला.

काका हळहळले. पार मनापासून.

“बघ,” ते काकूंना म्हणाले, “दाराची जागा आधीच धरून ठेवायला नको?”