वाडा पाहू इच्छिणाऱ्या चाकस्वारांस सूचना

एखाद्या थोर माणसाचे घर पाहायला जायचे ठरले की सामान्य माणूस पाण्याची बाटली घेतो आणि निघतो. त्याला तेवढे पुरते. पण तुम्ही चाकांच्या खुर्चीवरून, कुबड्या घेऊन, पांढऱ्या काठीने किंवा नुसत्या पंच्याहत्तरीच्या गुडघ्यांनिशी जाणार असाल, तर तयारीचे शास्त्र वेगळे. तयारी पाहुण्याने करायची, घराने नाही, हा या शास्त्राचा मूळ सिद्धान्त. तो एकदा पटला की पुढचे सारे सोपे आहे.

आरंभ फोनने करावा. सकाळी अकराच्या आधी आणि दुपारी एक ते चारच्या दरम्यान फोन करू नये, ही सूचना पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी. फोन लागला की ‘रॅम्प आहे का?’ असे विचारू नये. उत्तर ‘आहे’ असेच येते, आणि ते खोटेही नसते. रॅम्प असतोच. कधी तो एक फळी असतो, कधी मोटारसायकल आत घेण्यासाठी ओतलेला सिमेंटचा उतार, आणि कधी खरोखरचा लोखंडी रॅम्प असतो, पण तो कोठीत असतो आणि कोठीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते लग्नाला गावी गेलेले असतात.

म्हणून प्रश्न इंचांत विचारावेत. जोते किती उंच? समोरून ‘फार नाही, दोन फूट’ असे उत्तर आले, तर मनातल्या मनात बाराने गुणावे. उताराचा मान्य हिशेब एकास बारा असा आहे. म्हणजे दोन फूट चढायला चोवीस फूट लांबीचा रॅम्प लागतो. तुमच्यासाठी ठेवलेली फळी चार फुटांची असते. तिच्यावरून वर जाता येत नाही, पण खाली फार लवकर येता येते.

पुढचा प्रश्न दाराचा. आपल्या सरकारी मानकांप्रमाणे दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर हवी. वाड्याचा मुख्य दरवाजा याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असतो, त्यातून हत्तीसुद्धा जाईल. पण तो उघडत नाहीत. उघडतात ती त्यातली दिंडी. दिंडीची रचनाच अशी की आत येणाऱ्याने मान तुकवावी, अंग चोरावे आणि उंबरठ्यावरून पाय उचलून टाकावा. शत्रूची झुंड एका वेळी आत घुसू नये, हा तिचा हेतू. शत्रू 1818 नंतर आलेला नाही. तुम्ही आलात. मुख्य दरवाजा उघडाल का, असे नम्रपणे विचारावे. ‘तो फक्त मंत्री आले की उघडतो’ असे कळले तर निराश होऊ नये. बिजागरी चालते, एवढी माहिती तरी हाती लागली.

इथे मजल्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. थोर माणसे वरच्या मजल्यावर राहतात, हा नियम आहे. मुंबईत गावदेवीला लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. 1917 ते 1934 या काळात मुंबईत आले की गांधीजींचा मुक्काम रेवाशंकर झवेरींच्या या घरी असे. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि 4 जानेवारी 1932 च्या पहाटे त्यांना अटक झाली ती त्याहून वर, गच्चीवर. तळमजल्यावर ग्रंथालय आहे. ग्रंथालय उत्तमच, पण चरखा वर असताना खाली बसून चरित्र वाचणे म्हणजे पंगत माडीवर आणि आपण जिन्याखाली वास घेत बसणे. पुण्यात शनिवारवाड्यापासून जवळच दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा आहे. त्याची मेघडंबरी, म्हणजे दर्शनी भागावरचा तो कोरीव लाकडी सज्जा, रस्त्यावरून फुकट आणि पूर्ण दिसते. महाराष्ट्रातल्या वारशाचा सर्वांत सुगम्य भाग बहुधा हाच. फक्त बाजीराव रोडच्या गर्दीत थांबून वर पाहण्याची हिंमत हवी.

फोनवर शेवटी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तुम्ही या तर, आपली माणसं उचलून नेतील.’ या वाक्याची तयारी सर्वांत जास्त करावी लागते. पेशवाईत पालखीचा मान सरकारातून मिळे, तिच्या खर्चाची नेमणूकही होई, आणि तो मिळावा म्हणून भले भले झुरत. तुम्हाला तो अर्ज न करता, मागितल्याशिवाय, किंबहुना नको म्हणत असतानाही मिळतो. फरक इतकाच की भोई आपल्या कामात तयार असत. इथे एक रखवालदार, एक शिपाई, समोरच्या चहावाल्याचा मुलगा आणि मदतीची फार हौस असलेला एक पर्यटक अशी चौकडी जमते. चौघांची उंची चार प्रकारची असते. त्यांना आधीच सांगून ठेवावे की खुर्चीचे हात धरून उचलू नका, ते निघून हातात येतात. पायटेकेही निघतात. धरायचे ते चौकटीला. खुर्ची बॅटरीवरची असेल तर ती एकटीच बहुधा पन्नास ते शंभर किलो भरते, हे सांगितल्यावर पर्यटकाला पुढच्या गाडीची आठवण होते. आणि कुणी तुम्हाला नको असताना उचलू लागले, तर ‘नको’ हा शब्द पोटातून, खणखणीत आवाजात म्हणावा. घरी आरशासमोर सराव केलेला बरा.

सोबत माणूस न्यावा की नाही, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. नेला, तर मार्गदर्शक सगळे त्याच्याशीच बोलतो. ‘यांना इतिहासाची आवड आहे का?’ असे तुमच्याकडे बोट दाखवून सोबत्याला विचारतो. सोबत्याला आधीच शिकवून ठेवावे की अशा वेळी उत्तर न देता मान वर करून कडीपाट न्याहाळू लागायचे. मार्गदर्शकाची नजरही कडीपाटावर जाते, तिथून भिंतीवरून खाली उतरते आणि शेवटी नाइलाजाने तुमच्यापर्यंत येते. सोबती न नेल्यास ‘एकटेच आलात? कमाल आहे तुमची!’ हे कौतुक दर खोलीत एकदा स्वीकारावे लागते. तिकिटाच्या दरात ते धरलेले असते.

ज्यांना दिसत नाही, त्यांनी ‘हात लावू नये’ या पाट्यांची चिंता करू नये. त्या दिसत नाहीत. खरे तर हातांनी पाहायला जुन्या वाड्याइतके चांगले संग्रहालय दुसरे नाही. सागवानी खांब, त्याखालचा दगडी तळखडा, कडी-कोयंडा, जाते, उखळ, पाटा-वरवंटा या वस्तू शेकडो हातांनी वापरून गुळगुळीत केलेल्या आहेत, आणि एका हाताने आणखी काही बिघडणार नाही. तरी बरोबर याच वस्तूंभोवती दोरी असते. ब्रेलमधली माहिती असलीच तर ती जपून, काचेच्या आत लावलेली असते. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने 2015 मध्ये ‘अनुभव’ नावाचे दालन उघडले, तिथे मूर्तींच्या प्रतिकृती हातांनी पाहता येतात. हे फोनवर सांगून पाहावे. ‘ते दिल्लीला आहे,’ असे उत्तर येईल, आणि तेही खरेच आहे. मार्गदर्शकाला मात्र एक विनंती जरूर करावी : ‘हे बघा’, ‘ते तिकडे’ सोडून डावीकडे, उजवीकडे, किती हात उंच, कशाचे केलेले असे सांगा. त्याने जमवले तर सोबतच्या डोळसांनाही त्या दिवशी पहिल्यांदा वाडा दिसतो.

ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी मार्गदर्शक भिंतीकडे तोंड करून बोलणार हे गृहीत धरून मजकूर लेखी मागवावा. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची सोय विचारली तर ‘आमचे गाइड हातवारे छान करतात’ असे सांगितले जाते.

ज्येष्ठांना प्रश्न बसण्याचा. ऐतिहासिक घरात बसायच्या जागा विपुल : झोपाळा, आरामखुर्ची, लोड-तक्के, दिवाणखान्यातली बैठक. सगळ्यांवर ‘बसू नये’ लिहिलेले असते. घडीचे स्टूल जवळ बाळगावे. कुणी हरकत घेतली तर हेही जुने आहे असे सांगावे.

स्वच्छतागृहाबद्दल थोडक्यात. दारावर चाकाच्या खुर्चीचे चित्र असते. आत मागच्या प्रदर्शनाचे फलक, दोन झाडू आणि एक मोडके टेबल असते. घरून निघण्यापूर्वी पाणी बेताने प्यावे, असा सल्ला सगळेच देतात. मे महिन्यात तो पाळू नये.

एवढे सगळे विचारून झाल्यावर ‘वारसा वास्तू आहे हो, एक खिळासुद्धा मारता येत नाही’ हे शेवटचे अस्त्र निघते. ते नम्रतेने ऐकावे आणि आसपास पाहावे. त्याच सागवानी खांबावर कॅमेरा, पंखा, ट्यूबलाइट आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी दिसते. उचलून ठेवण्याच्या रॅम्पला खिळा लागत नाही. सार्वजनिक इमारती सुगम्य करायला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पाच वर्षे दिली होती, नियम जून 2017 मध्ये निघाले आणि ती मुदत जून 2022 मध्ये संपली. मानके नुसती सल्लावजा ठेवून चालणार नाही, सक्तीचे नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सरकारला सांगितले. हे फोनवर सांगू नये, फोन बंद पडतो. कागदावर लिहून पोच घ्यावी.

आता थोडे गंभीर. अॅम्स्टरडॅमला अॅन फ्रँकच्या घरात ती लपली तो मागचा भाग उभ्या, अरुंद जिन्यांमुळे चाकांच्या खुर्चीवरून पाहता येत नाही, आणि संग्रहालय हे आधीच स्पष्ट सांगते. कुठवर जाता येईल हेही सांगते. सगळी घरे बदलता येत नाहीत, हे आम्हालाही कळते. खरे ‘नाही’ ऐकून माणूस दुसरा बेत आखतो. खोटे ‘आहे’ ऐकून तो दीड तासाचा प्रवास करून उंबरठ्यापाशी येतो.

आणि पुण्यात गंज पेठेतला फुले वाडा आहे. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य ठरवलेल्यांना खुला केला, हे शाळेत सगळे शिकतात. कमी सांगितले जाते ते असे की 1888 मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. त्यानंतर त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ डाव्या हाताने लिहिले. 1890 मध्ये ते गेले, पुस्तक 1891 मध्ये निघाले. त्यांची समाधी वाड्यातच आहे. म्हणजे आपण ज्यांची घरे जपतो त्यांतल्या काहींना स्वतःच्याच घरात सहज वावरता येत नव्हते. पांढरी काठी किंवा चाके घेऊन येणारा माणूस तिथे पाहुणा असेल, परका नाही. हे प्रत्येक मार्गदर्शकाने आपल्या माहितीत घालावे. दोन मिनिटे लागतात, आणि खिळा मारावा लागत नाही.

निघताना अभिप्रायवही मागा. ती वरच्या मजल्यावर असेल, कुणाला तरी पाठवून खाली आणवून घ्या. तीत ‘अविस्मरणीय’, ‘प्रेरणादायी’ असे काही लिहू नका, ते आधीच्या पानांवर पुष्कळ आहे. तारीख घाला, उंबरठ्याची उंची इंचांत लिहा, दिंडीची रुंदी लिहा, कुठल्या खोलीपर्यंत पोचलात ते लिहा, आणि खाली सही करा. तुमच्यानंतर फोन करणाऱ्याला उत्तर देताना निदान एक आकडा तरी त्यांच्याकडे लेखी असेल.