सरकी नावाचं स्फोटक

जून २०१९. अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेच्या लोकांनी आधी जाहीर करून, भरदिवसा गुन्हा केला: कपाशी पेरली. वाण जनुक बदलून तणनाशक सोसणारं केलेलं, पण बिगरमंजुरीचं. पर्यावरण कायद्यात तेव्हा याला ५ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड होता. गंमत म्हणजे हेच बियाणं चोरीछुपे कित्येक शिवारांत केव्हाच डोलत होतं, आणि कायदा बांधावर निवांत घोरत होता. सांगून पेरल्याबरोबर त्याची झोपमोड झाली. ‘सरकारनं फक्त वाटेतून बाजूला व्हावं’ एवढंच संघटनेचे संस्थापक शरद जोशींच्या चेल्यांचं मागणं. पण अनुदान देणं सोपं, बाजूला होणं महाकठीण! तिकडे शेतात निंदणाला मजूर मिळेना, म्हणून तर हे बियाणं हवं. तण मात्र मंजुरी देणाऱ्या कुठल्याही समितीच्या बैठकीसाठी खोळंबत नाही.